घोडदळाच्या वहीत मी घेतलेली ॲडिशन

तमाम रसिक मायबापांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघेदुखी आणि पोटाचा घेर यांकडे काणाडोळा करून, मला अमेरिकेच्या घोडदळात भरती करून घेण्यात आले. छावणीचे ठिकाण: टूनगॅबी, शेजाऱ्यांचा मागचा व्हरांडा. हजेरी दर शनिवारी दुपारी, चहाबरोबर.

शेजारी म्हणजे ऐंशी ओलांडलेले एक गोरे गृहस्थ. लहानपणी आईबरोबर अमेरिकेतून इथे ऑस्ट्रेलियात आले, आयुष्य वॉलॉंगॉंगजवळच्या पोलादाच्या कारखान्यात काढलं. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीने ‘मेट’, म्हणजे मित्रा, म्हणतो, आमच्या घरात ते ‘आजोबा’. त्यांच्याकडे त्यांच्या पणजोबांची वही होती. हा पणजोबा एकोणिसाव्या वर्षी घोडदळात शिरला आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळावर एका किल्ल्यात राहिला. आजोबांच्या नजरेच्या मधोमध आता डाग पडलाय, त्यामुळे अक्षर दिसत नाही.

“तू नाटकात काम करतोस ना? वाच. एकच गोष्ट कळायला हवी मला,” ते म्हणाले. “हा तिथे होता त्या वर्षी जानेवारीत या किल्ल्यातल्या सैनिकांनी तिथल्या मूळ लोकांच्या एका वस्तीवर गोळ्या झाडल्या. माणसं झोपेत होती. हा त्यात होता का? आईला विचारलं की ती भांडी घासायला उठायची.”

मी वाचायला लागलो आणि हरखून गेलो. आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे तट, बुरूज, चोरवाट. या किल्ल्याला साधी भिंतसुद्धा नव्हती! माळावर ओळीने खोल्या, मध्ये झेंडा, संपला किल्ला. आणि आमचा शूर सैनिक दिवसभर करायचा काय? लाकडं फोडायचा. संडासाचे खड्डे खणायचा. सरकारी विजार इतकी लांब मिळाली की सुईदोरा शिकला. लिहितावाचता न येणाऱ्यांची पत्रं लिहून द्यायचा आणि बदल्यात तंबाखू घ्यायचा. पावातल्या अळ्या अंधारात खाल्ल्या तर चव लागत नाही, अशी त्याने नोंद केली होती.

“मोजे कुठे वाळवायचा?” मी विचारलं.

“मला काय माहीत? मी होतो का तिथे?” आजोबा म्हणाले. पण पुढच्या शनिवारी तेच आधी विचारू लागले, “मोज्यांचं काही सापडलं का रे?” सापडलं एकदाचं: शेगडीच्या धुराड्यावर वाळवायचा.

चौथ्या शनिवारी मात्र पानामागून पान नुसती लाकडं. आजोबा पेंगायला लागले. प्रेक्षक पेंगला की माझ्यातला नट पिसाळतो. संहितेत नसलेलं वाक्य पदरचं घुसवणं, याला आम्ही ॲडिशन घेणं म्हणतो. दिवाळीच्या कार्यक्रमांत मी ॲडिशनवर टाळ्या घेतलेल्या आहेत. तेव्हा मी आवाज चढवला: “आज बिगुल वाजला! बंदुका भरल्या! घोड्यांवर झेपावलो!” पुढे एक ससा निसटणार होता आणि सगळी पलटण चिखलात पडणार होती.

सशापर्यंत मी पोचलोच नाही. आजोबांनी कप खाली ठेवला आणि वहीच्या दिशेने कान केला.

“तारीख काय आहे?”

मी पान पाहिलं. जानेवारी.

“म्हणजे गेला होता,” ते पुटपुटले.

घाईघाईने मी सगळं कबूल केलं. बिगुल माझा, ससा माझा. त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली.

“आणि मोजे? अळ्या?”

“ते खरं. आईशप्पथ.”

“तुझ्या बायकोला बोलाव.”

माझी बायको सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर आमचं घर चालतं. ती आली, चष्मा लावला आणि म्हणाली, “तू तिकडे बस. आणि चेहऱ्यानेही काही करायचं नाही.”

तिने लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. लाकडं. लाकडं. बर्फ. लाकडं. याला मी म्हणे कंटाळवाणं समजलो होतो! आता प्रत्येक ओंडक्याला माझा श्वास अडकत होता. मग तिने पान उलटलं आणि आवाज जराही न बदलता वाचलं:

“पहाटे निघालो. टेकडीअलीकडे घोड्यांवरून उतरलो. चौघांतल्या एकाने घोडे धरायचे आणि तिघांनी पुढे जायचं, असा नियम. आज घोड्यांची पाळी माझी. पलीकडून गोळ्यांचा आवाज आला, मग बायकांचा. चारही घोडे ओढ घेत होते. हात सोलवटले. मी घोडे सोडले नाहीत.”

“पुढे?” आजोबा म्हणाले.

“पुढे दुसऱ्या दिवसाची तारीख. लाकडं फोडली, असं आहे.”

होता की नव्हता? त्याने गोळी झाडली नव्हती, पण ज्यांनी झाडल्या ते त्याच्यामुळेच घोड्यांवर बसून परत आले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. आजोबा खुर्चीत पुढे सरकले. बोटांनी वही चाचपली आणि त्या पानावर तळहात आपटून, समोर एकोणीस वर्षांचा पोरगा उभा असावा तसे ओरडले, “अरे मूर्खा, सोडायचे होतेस ना ते घोडे!”