साहेबापुढे घातलेलं गाऱ्हाणं

भांडुपला आमच्या चाळीमागचं मैदान आम्ही दगड वेचून केलेलं. तिथे कबड्डी, तिथेच शिमग्याची होळी. ऐंशी सालानंतर शहराचा नवा आराखडा निघाला, तर नकाशात आमच्या मैदानावर बाजाराचे गाळे! हरकत असेल त्याने लिहून द्यावी, अशी नोटीस लागली. चाळीतल्या मास्तरांनी झकास अर्ज लिहिला, सुनावणीचं बोलावणं आलं.

पण मास्तर आदल्या दिवशी कबड्डीत पंच होते. ओरडून ओरडून आवाज बसला, म्हणून ते घरीच राहिले. मग सगळ्यांनी मला पुढे ढकललं. मी चौथी पास, पण होळीचं गाऱ्हाणं दरसाल मीच घालतो. मी देवापुढे मागणं मांडायचं आणि लोकांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी आमची कोकणातली रीत.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आधीच बजावलं, एकानेच बोलायचं, बाकी गप्प. मास्तरांचं बारीक अक्षर मला लागेना. अर्जाची नक्कल घडी करून खिशात टाकली, हात जोडले. हात जोडल्यावर माझी जीभ एकच वाट धरते.

"बा साहेबा, ह्या मैदानार आमची पोरां वाडली..."

"व्हय म्हाराजा," मागून सगळी चाळ.

साहेबांनी डोळे वटारले. मी सांगितलं, ती माणसं गप्पच आहेत, हे त्यांच्या तोंडून आपसूक येतं. आणि पुढे चालू.

"ज्येणा ह्यो नकाशो काडलो, तेका सुबुद्धी दी..."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी दारावरचा शिपाईसुद्धा. साहेबांनी वळून पाहिलं, तर तो पंख्याकडे बघत उभा.

साहेब वैतागून म्हणाले, "अहो, बाजार नको, मग भाजी कुठून घेणार?"

"भाजी हातगाडीवर दारात येते साहेब. मैदान येतं का?"

साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मी पिशवीतून नारळ काढला, तर म्हणाले, तो आत ठेवा, लाच समजतील लोक.

बाहेर आल्यावर मी शेजाऱ्याला धरलं. तो बौद्ध, सोलापूरकडचा, देवाचं नाव काढत नाही, आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचा.

"तू रे कशाला ओरडलास?"

"मी देवाला नाही म्हटलं. मैदानाला म्हटलं."

आराखडा पक्का व्हायला इतकी वर्षं लागली की कबड्डीतली पोरं बोहल्यावर चढली. पण नकाशा आला, त्यात खेळाचं मैदान. मास्तर म्हणतात, त्यांच्या अर्जातले मुद्दे बिनतोड होते. असतील. मी त्यातला एकही वाचून दाखवला नव्हता, हे त्यांना कोण सांगणार?

तो नारळ सुनावणीहून परतल्यावरच मैदानात फोडला होता. खोबरं मास्तरांना दिलं, बोलून घसा माझा सुकला होता म्हणून पाणी मी प्यायलो.