माझ्या क्लबसाठी घातलेलं गाऱ्हाणं

मित्राचा फुटबॉल क्लब जिंकायला लागला तेव्हापासून मला मानवाधिकारांची फार काळजी वाटायला लागली. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे. मी बाहेरच्या खोलीत त्याच विषयावर घसा कोरडा करत होतो आणि ती आतून कणीक मळता मळता हे बोलली. मला तिचा भयंकर राग आला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो.

हा मित्र म्हणजे माझा समोरच्या दारातला शेजारी. घाटकोपरच्या या चार माळ्यांच्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो, आणि दोघांची लग्नं होऊनही कुणी कुठे गेलं नाही. बाकीची पोरं क्रिकेटवाली. आमच्याकडे केबल आली, शनिवारी संध्याकाळी इंग्लंडमधले फुटबॉलचे सामने दिसायला लागले, आणि आम्ही दोघं त्या खेळाला चिकटलो ते चिकटलोच. त्याने एक क्लब धरला, मी दुसरा. कॉलेजातल्या हुशार पोरांनी जिंकणारे क्लब धरले होते. आम्ही मात्र असे दोन धरले की ज्यांच्या नशिबी कप म्हणजे फक्त चहाचा.

पण त्या हरण्यात मजा होती हो. सामना संपला की आम्ही खाली येऊन गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसायचो आणि आपापल्या गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. त्याचा हरला की मी भजी आणायची, माझा हरला की त्याने. दोघांचेही हरले तर कोण आणणार यावर वाद. बाकाच्या मागेच तळमजल्यावरच्या काकांची खिडकी. काका मालवणचे, नोकरीतून कधीच रिटायर झालेले, दिवसभर त्या खिडकीत बसून असायचे. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. "आज पण पडलात काय रे?" एवढंच ते विचारायचे.

मग एका आखाती देशाच्या सरकारने मित्राचा क्लब विकत घेतला. एखाद्या शेठने नाही, सबंध सरकारने. तो देश कसा आहे हे मला तोवर धड माहीत नव्हतं, पण त्या आठवड्यात मी सगळं वाचून काढलं. तिथे सरकारविरुद्ध चार ओळी लिहिल्या म्हणून माणसं तुरुंगात जातात. बाहेरून आलेल्या मजुरांचे पासपोर्ट मालक काढून घेतात. एवढा अभ्यास मी बारावीला केला असता तर आज वेगळ्या खुर्चीत बसलो असतो.

शनिवारी मी बाकावर त्याला गाठलं. "तुझ्या क्लबला लाज आहे का रे काही? हे सगळे पाप धुवायला आलेत. उद्या जगाने त्यांचं नाव काढलं की लोकांना तुरुंग आठवू नये, तुमचा सेंटर फॉरवर्ड आठवावा, म्हणून चाललंय हे."

"मग मी काय करू?" तो म्हणाला. "मला विचारून विकला का?"

"टाळ्या तर वाजवतोस ना?"

"तू स्कूटरमध्ये पेट्रोल टाकतोस ते काय कुर्ल्याच्या विहिरीतून येतं? आणि माझा दादा तिथेच आहे. आमच्या घरात जे काही आहे ते तिथल्याच पगाराचं आहे. त्याला सांगू का, परत ये, शेजारच्याला पटत नाही म्हणून?"

त्याचा मोठा भाऊ त्याच देशात एसी दुरुस्तीचं काम करायचा, अजूनही करतो. पुढे त्याच वर्षी त्यांचे वडील गेले, तेव्हा तो येऊ शकला नव्हता. रजा मिळाली नाही, असं घरच्यांनी सांगितलं आणि आम्हीही ते ऐकून घेतलं. मित्राने एकट्याने सगळं केलं. दादाचा विषय निघाला की मी जरा गप्प बसायचो, पण पुढच्या शनिवारी पुन्हा सुरू व्हायचो. माझा मुद्दा बरोबरच होता. आजही तो मला बरोबरच वाटतो. पण मुद्दा बरोबर असलेल्या माणसाला रात्री शांत झोप लागायला हवी, आणि मी अंथरुणात पडून त्यांनी घेतलेल्या, कडेने मुसंडी मारणाऱ्या नवीन विंगरचे गोल मोबाइलवर बघत असायचो.

काय खेळायचा तो पोरगा! असला खेळाडू आमच्याकडे जन्मात येणार नाही, या विचाराने माझ्या छातीत कळ यायची.

मग त्यांनी कप जिंकला. मित्राने बिल्डिंगभर पेढे वाटले. आमच्या दारात आला तेव्हा मी म्हणणार होतो की मला नकोत असल्या पैशाचे पेढे, पण बायकोने आधीच हात पुढे केला होता. मग मीही एक घेतला. पेढा चांगला होता. निदान तो तरी खवट निघायला हवा होता.

पण मला सर्वांत झोंबलं ते निराळंच. मित्र आता सामना झाल्यावर शिव्या घालत नव्हता. बाकावर पाय पसरून बसायचा आणि माझ्याकडे वळून म्हणायचा, "तुमचे पण बरे खेळले रे सेकंड हाफमध्ये." वर्गात पहिला आलेला मुलगा नापास झालेल्याला म्हणतो ना, की पेपर जरा कठीणच होता, तसं. भजी आता दर वेळी तोच आणायचा, कारण हरायचो फक्त मी. ती भजी खाताना मी त्या देशातल्या तुरुंगांबद्दल आणखी मोठ्याने बोलायचो. मागच्या खिडकीत काका सगळं ऐकत असायचे.

गेल्या वर्षी श्रावणात एक बातमी आली. तशाच एका दुसऱ्या देशाचं सरकार इंग्लंडमध्ये क्लब शोधतंय आणि त्याची नजर माझ्या क्लबवर आहे. मी तेव्हा अंधेरीला ऑफिसमध्ये जेवायला बसलो होतो. डबा उघडाच राहिला. त्या देशात माणसांचे हाल आधीच्या देशापेक्षा जास्तच होतात, हे मला चांगलं ठाऊक होतं, मीच वाचलं होतं. तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो डाव्या बाजूच्या बॅकचा. आता एक धड लेफ्ट बॅक घेता येईल. मग म्हटलं, एक स्ट्रायकरही लागेल. डबा तसाच ठेवून मी मनातल्या मनात अख्खी टीम उभी केली.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. शनिवारी बाकावर बसून मित्राच्या क्लबच्या मालकांवर पूर्वीसारखाच तुटून पडलो, उलट जरा जास्तच. त्याने माझ्या क्लबची बातमी वाचली होती की नाही कोण जाणे, विषय काढला नाही.

मग गणपती आले. आमच्या बिल्डिंगचा गणपती पाच दिवसांचा असतो, आणि विसर्जनाला निघण्याआधी काका गाऱ्हाणं घालतात. कोकणातली ही रीतच आहे. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या अडचणी मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे मागणं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. काका कुणाला काही विचारत नाहीत. वर्षभर खिडकीत बसून जे कानावर पडेल ते त्यांच्या लक्षात असतं.

काकांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! पोरांनी पाच दिवस तुझी जी काय वेडीवाकडी सेवा केल्यानी, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बिल्डिंगीचा रिडेव्हलपमेंट अडकान पडलासा, ता सुटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सर्वांत मोठा आवाज असतो, दर वर्षी.

तिसऱ्या माळ्यावरच्या पोरीचं लग्न मागून झालं, कुणाचा गुडघा झाला, कुणाच्या मुलाची नोकरी झाली. मग काकांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बोट केलं.

"आणि म्हाराजा, दुसऱ्या माळ्यारचो ह्यो तुझो झील. ह्येच्या दोस्ताच्या टीमेक कोण तो राजा गावलो आणि ती जिंकाक लागली. ह्येच्या टीमेक कोणच गावना नाय. त्या दुखान ह्यो वरीसभर माझ्या खिडकीखाली बोंब मारता. तर ह्येच्या टीमेक पण तसोच एक राजा गावांदे रे म्हाराजा!"

क्षणभर माझ्या लक्षातच आलं नाही. मग आलं. वर्षभर मी तुरुंग, पासपोर्ट, अन्याय असं जे काही ओरडलो, त्याचा काकांनी लावलेला अर्थ एवढाच होता, की या बिचाऱ्याला राजा मिळत नाही. त्यांनी थट्टा केली नव्हती. माझं दुखणं त्यांनी मनापासून, पोरीच्या लग्नाइतक्याच गांभीर्याने, देवासमोर ठेवलं होतं. बायकोने पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

आणि सगळी बिल्डिंग म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो.

विसर्जन जवळच्याच कृत्रिम तलावात झालं. परतताना गणपतीचा रिकामा पाट मी आणि मित्राने धरला होता. बिल्डिंगमध्ये दिवे लागत होते. बाकी सगळे आरतीला वर गच्चीवर गेले, आम्ही बाकावर जरा टेकलो, पाट मांडीवर घेऊन. मला वाटलं होतं तो आता हसून हसून माझी वाट लावणार.

"तू म्हणालास," तो म्हणाला.

"काय?"

"व्हय म्हाराजा. सगळ्यांत जोरात तू म्हणालास."

"सवयीने रे. सगळेच म्हणतात ना."

"मी नाही म्हटलं."

माझं डोकंच फिरलं. "का? तुझं सगळं झालं, आता माझा क्लब चार सामने जिंकला तर तुझ्या पोटात दुखतं का?"

"दुखतं," तो म्हणाला. "जळतो मी तुझ्यावर."

कप त्याच्याकडे, विंगर त्याच्याकडे, आणि जळतो हा?

"तू हरतोस, शिव्या घालतोस, मोकळा होतोस," तो म्हणाला. "आमचा गोल झाला की मी उडी मारतो. आणि खाली येईपर्यंत मला दादा आठवतो. दर वेळी."

"दादाचं काय?"

"बाबा गेले तेव्हा रजा मिळाली होती त्याला. पासपोर्ट कंपनीकडे होता. आज देतो, उद्या देतो. तेरावं झालं त्यानंतर दिला. दादा फोनवर रडत होता आणि मी इथे एकटा मडकं धरून."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुला? तू इथे बसून पासपोर्ट पासपोर्ट ओरडत होतास रे. तुला सांगितलं असतं, तर पुढच्या शनिवारी तू दादाच माझ्या तोंडावर फेकून मारला असतास."

मारला असता. मी म्हटलं, "मग सोड ना तो क्लब."

"तू सोडशील तुझा? उद्या राजा आला तर?"

वरून आरतीचा आवाज येत होता. पाटावर तलावातून आणलेली थोडी ओली माती होती. मी ती बोटाने एका कोपऱ्यात सारत बसलो. त्याने उत्तराची फार वाट पाहिली नाही. पाट उचलला आणि म्हणाला, "चल, प्रसाद संपेल."

पुढच्या शनिवारी मी त्याच्याच घरी सामना बघायला गेलो. बऱ्याच दिवसांनी. भिंतीवर त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याखाली टीव्ही. दुसऱ्या हाफमध्ये त्या विंगरने तिघांना चकवून गोल मारला. मित्राने उडी मारली. मी टीव्ही सोडून त्याच्याकडेच बघत होतो. वर जाताना त्याचं तोंड लहानपणीसारखं उघडं होतं, आणि पाय जमिनीला लागले तेव्हा ते मिटलेलं होतं. सगळं दिसलं मला. तरी त्या वर जाण्याचा मला हेवा वाटला.

त्याच संध्याकाळी माझा क्लब नेहमीसारखा हरला. आम्ही खाली बाकावर येऊन बसलो, त्याने भजी आणली. तुरुंगांबद्दल मी एक शब्द काढला नाही. मागे खिडकीत हालचाल झाली.

"गावलो काय रे राजा?" काकांनी विचारलं.

"अजून नाही, काका," मी म्हणालो.

माझ्या आवाजात तक्रार होती. मित्राच्या हातातलं भजं तोंडापर्यंत गेलं नाही. त्याने ते कागदावर परत ठेवलं.