पुन्हा निघालेलं पेन

खालापूरच्या तहसील कचेरीबाहेर एक आजोबा लोकांचे अर्ज लिहीत बसायचे. समोरच्याला आधी "घाबरू नका, बसा" म्हणायचे आणि लिहिलेली प्रत्येक ओळ पुटपुटत वाचायचे. त्या वर्षी त्यांच्या अर्जांवर शाईचे डाग पडू लागले, अक्षरं वाकडी येऊ लागली. "पेन म्हातारं झालंय," ते सांगायचे. "असं आता निघत नाय."

मी जवळच्या शाळेत शिकवत होते. पेनाच्या कंपनीने तेच जुनं पेन पुन्हा बाजारात आणल्याचं कळलं, तेव्हा मी मुंबईहून त्यांच्यासाठी एक आणलं. त्यांनी डबी घेतली, पण उघडली नाही. "नव्याला जुन्याची सर नाय, बाई."

पंधरा दिवस डबी तशीच राहिली. शेवटी एका दुपारी मीच शाई भरून पेन त्यांच्या हातात दिलं. "लिहून तर बघा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी 'मेहेरबान तहसीलदारसाहेब' एवढंच लिहिलं. निब कागदावरून सुरेख सरकत होती. अक्षरं मात्र तशीच थरथरत उमटली.

"पेन झकास हाय," ते हळूच म्हणाले आणि उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट दाबून बसले.

लोधिवलीची एक म्हातारी वारसनोंदीच्या अर्जासाठी थांबली होती. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि तिला सांगितलं, "आज चष्मा घरी राह्यला. मी सांगतो, बाई लिवतील."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. मी मान खाली घालून लिहू लागले.