दाबून भरलेली पॅकेटं

कोसाडच्या आमच्या इमारतीत नेटची एकच लाइन होती, खालच्या आबांच्या घरात. तिथून एक वायर खिडकीतून वर आमच्याकडे यायची. आबा साडी मार्केटमध्ये पार्सलं बांधतात. ते आमच्याच धुळ्याकडचे, पण मला ते कधीच आवडले नाहीत. मी कॉलेजात जायला लागल्यापासून ते मला मास्तरीणबाई म्हणायचे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी मला एक मोठं सॉफ्टवेअर उतरवायचं होतं. ते नसेल तर परीक्षेला बसून उपयोग नव्हता. पण त्या आठवड्यात डाउनलोड सारखं अडकायचं. काही पानं उघडायची, काही नुसती फिरत राहायची. आबांनी जिन्यातच सगळ्यांसमोर सांगितलं, "हाई पोरगी सगळं नेट पी जास."

मी घाबरत त्यांच्या घरी जाऊन राउटरची सेटिंग बघितली. नेटवरची माहिती ज्या तुकड्यांनी जाते, त्या पॅकेटचा आकार आधी १४९२ होता, तो कुणीतरी १५०० केला होता.

"मीच करं," आबा म्हणाले. "पार्सल मोठं बांधं ते फेरा कमी लागतस. तू माले शिकाडस का?"

मला नीट समजावता आलं नसेल. मी म्हटलं, आपल्या लाइनवर प्रत्येक पॅकेटला कंपनीचं आणखी एक वेष्टन चढतं. वाटेवर पंधराशेपेक्षा मोठं काही जात नाही, त्यात ते वेष्टनही मावायला हवं. आपण आधीच पूर्ण भरलं, तर पॅकेट वाटेत फुटतं किंवा टाकून दिलं जातं, आणि समोरचा ते पुन्हा पाठवत बसतो.

"टेम्पोच्या दारात पार्सल मावलं नाही तर तुम्ही काय करता, आबा?"

"दाबीसन भरस."

दारात जमलेले शेजारी हसले. तरी मी म्हटलं, एकदा जुना आकडा टाकून बघा, नाही चाललं तर मी पुन्हा येणार नाही. मला खोटं पाडायलाच त्यांनी तो टाकला. त्यांचं सकाळपासून अडकलेलं गॅस बुकिंगचं पान लगेच उघडलं. मी वर धावले. डाउनलोड न थांबता पुढे सरकत होतं.

ते अर्ध्यावर आलं आणि थांबलं. खिडकीतून पाहिलं, तर आमची वायर आबांच्या खिडकीतून बाहेर काढून टाकलेली, खाली लोंबत होती. आबा शेजाऱ्याला सांगत होते, केबलवाल्याला फोन केला म्हणून नेट सुधारलं.

पप्पा यंत्रमागाच्या कामावरून आले आणि म्हणाले, "जा, माफी मांग. मोठा माणूस शे."

"कशाची मागू?" मी विचारलं. त्यांचा चेहरा पडला आणि मला त्यांचाही राग आला.

मी खाली गेले नाही. दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले, सॉफ्टवेअर तिथून भरून आणायला रिकामा पेनड्राइव्ह मुठीत धरून.