होडीचं वजन

माझ्या दादाला गाडी घ्यायची होती, आणि गाड्यांमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो पाण्यावरचा माणूस. चाळीस वर्षं त्याने तलावात होडी चालवली. सकाळी गळ टाकायला येणाऱ्या हौशी लोकांना खोल पाण्यात न्यायचं, दुपारी पोराबाळांना फेरी मारून आणायची, संध्याकाळी होडी धक्क्याला बांधून चालत घरी यायचं. होडीत उभा राहिला की राजासारखा दिसायचा. रस्ता ओलांडताना मात्र माझी बाही धरायचा, आणि मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान.

मग आमच्या बाजूच्या काठाला भिंत घालायचं ठरलं आणि धक्का बंद झाला. यापुढे होड्या फक्त टेकडीपलीकडच्या काठावरून सोडायच्या, आणि तिथे रात्री एकही होडी ठेवायची नाही. सकाळी आणायची, संध्याकाळी घेऊन जायची. एक तारखेला जो स्वतःच्या होडीसह आणि स्वतःच्या गाडीसह हजर राहील त्याची पाहणी होईल आणि त्याला परवाना मिळेल. उरलेल्या जागा प्लास्टिकच्या होड्यांवाल्या एका कंपनीला जातील. दादाच्या हातात जेमतेम महिना होता. भाड्याचा टेंपो रोज दोनदा करायचा तर सगळी कमाई टेंपोवाल्याच्याच घरी गेली असती. म्हणजे गाडी हवी, होडी ओढेल अशी हवी, आणि दादाला झेपेल अशी हवी.

त्याचा मुलगा दूरच्या शहरात असतो. तो फोनवर म्हणायचा, बाबा, सोडा आता ते सगळं, इकडे या. दादा म्हणायचा, तिकडे येऊन काय करू, तुझ्या नळाखाली बसू? आम्ही हसायचो, पण फोन ठेवल्यावर दादा उठून होडी बघायला जायचा. वहिनी गेल्यापासून त्याला होडीखेरीज दुसरं कोणी नव्हतं. परवाना गेला तर तो त्या मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून वाळून जाईल, हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत होतं.

मी गॅरेजच्या गल्लीत गाड्यांची सीट कव्हरं शिवते. गाडीचा रंग खोटं बोलतो, सीट बोलत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. इंजिनाचं बघायला शेजारच्या गॅरेजचे मिस्तरी होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, होडीचं वजन किती?

"सव्वाचारशे किलो," दादा ताठ होऊन म्हणाला.

ही होडी त्याने विशीत वडिलांबरोबर बांधली होती आणि लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर घालून तोलली होती. आईने पोराचं जन्माचं वजन सांगावं तसं तो ते वजन कोणालाही सांगायचा. मिस्तरींनी त्यात त्यांच्या गॅरेजातल्या ट्रेलरचं, मोटरचं, तेलाच्या डब्याचं वजन मिळवलं आणि आम्ही गाड्या बघायला निघालो.

पहिली गाडी एका दलालाकडची, लालभडक, आरशासारखी चकचकीत. दादा तिच्याभोवती फिरून फिरून खूश झाला. मी मागच्या सीटचं कव्हर वर केलं तर शिवणीशिवणीत बारीक गाळ. गाडी पुरात बुडालेली होती. दलाल म्हणाला, मालकीणबाई कुंड्या न्यायच्या हो. मी म्हटलं, कुंड्या छतापर्यंत रचत होत्या का? असली गाडी दलाल दादासारख्याच्याच गळ्यात मारणार. आणि दादाने काय म्हणावं? "पाण्यात राहिलेली आहे, आपल्यातलीच." मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

दुसरी एका ठेकेदाराची, उंच, डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी. मिस्तरी चक्कर मारून आले आणि म्हणाले, ही एक सोडून दोन होड्या ओढेल. पण तिची किंमत ऐकून आमची तोंडं उतरली. माझ्याकडे जाड रेक्झिन शिवायचं मोठं मशीन आहे, ते विकते असं मी म्हटलं. छोट्या मशीनवर काही दिवस काढले असते. दादा ऐकेचना. वजन मला माहीत आहे ना, मग हत्ती कशाला बांधायचा दारात, असं म्हणून तो चालायला लागला. भांडून भांडून माझ्या नाकी नऊ आले. त्याचा हट्ट माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे.

तिसरी गाडी संगीताच्या एका मास्तरांची होती. मास्तर वारले होते आणि त्यांच्या पत्नीला ती दारात बघवत नव्हती. लांबट, राखाडी, मागच्या चाकांनी ओढणारी, आणि मागे हुक आधीच बसवलेलं. शेवाळलेल्या उतारावर मागच्या चाकांचीच गाडी बरी, असं मिस्तरी म्हणाले. मी आत बसून पाहिलं. ड्रायव्हरची सीट झिजून बसलेली, बाकीच्या सगळ्या नव्यासारख्या. एकट्या माणसाने सांभाळून चालवलेली गाडी होती ती. किंमतही दादाच्या आवाक्यातली. तरी मिस्तरींनी घाई केली नाही. ट्रेलरवर वाळूच्या गोण्या रचल्या, काट्यावर नेऊन दादाने सांगितलेलं वजन बरोबर भरलं, आणि टेकडीच्या चढावर गाडी घातली. ती कुरकुरत पण न थांबता वर गेली.

"यावर एक गोणीसुद्धा नको," मिस्तरी म्हणाले.

दादाने मान डोलवली. त्या दिवशी त्याने माझ्याकडून जुन्या सीटना नवी कव्हरं घालून घेतली, निळी, आणि पैसे घे म्हणून माझ्याशी वाद घातला. पुढचे काही दिवस तो मिस्तरींकडून रिकाम्या मैदानात आधी गाडी चालवायला आणि मग ट्रेलर मागे न्यायला शिकला. म्हातारपणी शिकतोय म्हणून पोरं हसत होती. पण होडी वळवणाऱ्या माणसाला ते लवकर जमलं. मागून ढकलायचं आणि उलटीकडे वळवायचं, हे त्याच्या हातातच होतं.

महिन्याच्या मध्यावर आम्ही होडी बाहेर काढायला जुन्या धक्क्यावर गेलो. दादाने ट्रेलर सरळ रेषेत पाण्यात उतरवला, होडी वर घेतली, दोर आवळले. मिस्तरींनी खूण केली. गाडी हातभर पुढे आली आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आम्ही चाकांखाली खडी टाकली. चाकांनी पकड घेतली, गाडी थरथरली, आणि जळका वास आला. क्लच गेला होता. होडी अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर.

मिस्तरी गाडीकडे बघतच नव्हते. ते ट्रेलरच्या टायरकडे बघत होते. टायर दबून पसरले होते. मग ते होडीजवळ गेले आणि तळाच्या फळीत अंगठ्याचं नख रोवलं. नखाभोवती पाणी आलं. ही शेवटची बाहेर कधी काढली होती, त्यांनी विचारलं. वडील होते तेव्हा दरवर्षी आठ-दहा माणसं लावून रंगाला काढायचो, दादा म्हणाला. ते गेल्यावर माणसं जमेनात. पंधरा वर्षं तो पाण्यावरचाच भाग रंगवत होता, आणि पंधरा वर्षं तळाच्या फळ्या पाणी पीत होत्या. वखारीत तोललेली होडी केव्हाच बदलली होती.

मला इतका संताप आला की बघायला जमलेल्या लोकांचंही भान राहिलं नाही. "सगळा जन्म हिच्यात उभा राहिलास आणि ही जड झाली हे तुला कळलं नाही?"

दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. "मी तिला कधी उचललंच नाही गं," तो म्हणाला. "तीच मला उचलत होती."

भिंतीच्या कामावरच्या क्रेनवाल्याला दया आली. त्याने होडी उचलून दादाच्या घरामागच्या अंगणात आणून ठेवली. मिस्तरींनी जुन्यातली एक क्लच प्लेट शोधून बसवली. आता होडी सुकवायची, एवढा एकच मार्ग होता. ऊन कडक होतं. दहा-बारा दिवसांत ती इतकी हलकी झाली की गाडीने तिला गल्लीतून सहज ओढली. मी आनंदाने टाळी वाजवली. दादाने वाजवली नाही. त्याने मला बोटाने होडीचा तळ दाखवला. फळ्या आकसल्या होत्या, आणि फटींमधून पलीकडची भिंत दिसत होती.

त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोन दिवस पाण्यात राहिली की फळ्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. पण पाहणी एका सकाळची आणि रात्री होडी ठेवायला बंदी. दोन दिवस आणायचे कुठून? घरीच पाणी भरून फुगवावी तर ती पुन्हा जड होणार, आणि गाडी टेकडी चढायची नाही. आम्ही परवान्याच्या कचेरीत जाऊन विनवण्या केल्या. तिथल्या बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि नियम पुन्हा एकदा वाचून दाखवला. दादाने फटींत कापसाचा पीळ भरला, तोही सैलच. घट्ट ठोकला तर फुगताना फळ्या चिरतात. मी दुकानातलं सगळ्यात जाड रेक्झिन कापून आतून पट्ट्या चिकटवल्या. मला शिवता येतं, पाणी अडवता येत नाही. तरी चिकटवत राहिले.

एक तारखेला गाडीने टेकडी अशी पार केली की मिस्तरींनी दादाची पाठ थोपटली. पलीकडच्या उतारावर दादाने एका झटक्यात ट्रेलर पाण्यापर्यंत मागे नेला. कंपनीचा मॅनेजर तिथे उभा होता, तोही बघत राहिला. पाहणीच्या साहेबांनी सांगितलं, एक माणूस बसवून त्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून या. मी बसले. माझे पाय लगेच ओले झाले. पिंपापर्यंत पोचलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं, आणि माझ्या पट्ट्या त्यात तरंगत होत्या.

"पाय वर घे," दादा म्हणाला.

"तू समोर बघ," मी म्हटलं.

मी डब्याने उपसत होते आणि साहेबांना दिसू नये म्हणून वाकून उपसत होते. जणू त्यांना डोळेच नव्हते. काठाला लागलो तेव्हा ते उकिडवे बसले, आत बघितलं, होडी कोणी बांधली म्हणून विचारलं. मी आणि वडिलांनी, दादा म्हणाला. साहेब वाईट नव्हते. माणसं बसवायची असतात हो, मी सही कशी करू, असं म्हणाले आणि उठले. दुपारपर्यंत जागा भरल्या.

परत येताना गाडी मी चालवली. दादा शेजारी बसून रडला. वहिनी गेली तेव्हा त्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो टेकडी ओलांडून घर येईपर्यंत रडत होता, आणि मला गाडी थांबवायचा धीर झाला नाही.

आठवड्याने कंपनीचा मॅनेजर माझ्या दुकानात दादाची चौकशी करत आला. त्यांच्या पोरांना उतारावर ट्रेलर सरळ नेता येत नव्हता. दादाकडे हुकवाली गाडी होती आणि हात होता. आता दादा रोज सकाळी गोदामातून प्लास्टिकच्या होड्या एकेक करून ओढत नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. त्यांचं वजन त्यांच्या पाठीवर छापलेलं असतं आणि ते कधी बदलत नाही. दादा त्यांना पाण्याच्या कडेला सोडतो. पुढे त्यात दुसरेच कोणी बसतात. मुलाकडे जायची पाळी आली नाही, यात सगळं आलं, असं मी लोकांना सांगते.

आपली होडी अंगणात लाकडी ओंडक्यांवर आहे. दादा घरी आला की आधी तिच्यात नळी सोडतो आणि ती पाण्याने भरतो. सुरुवातीला सगळं पाणी फटींतून अंगणात वाहून जायचं. तो पुन्हा भरायचा. शेजारणी येऊन मला विचारायच्या, तुमच्या भावाचं डोकं ठिकाणावर आहे ना? आता फटी मिटल्यात. मी एकदा त्याला चांगलं सुनावलं. अशीच पाणी पीत राहिली तर पुन्हा जड होईल, तुझी गाडी तिला कधीच ओढणार नाही, मग उपयोग काय? ती परत पाण्यात जाणार आहे का?

"नाही जाणार," तो म्हणाला. "पण म्हणून फाटू देऊ?"

काल त्याला यायला उशीर झाला. मी दुकान बंद करून त्याच्याकडे गेले तर दाराला कुलूप, गाडी अजून आलेली नव्हती. दिवसभराच्या उन्हाने होडीतलं पाणी खाली गेलं होतं आणि वरच्या दोन फळ्या कोरड्या पडल्या होत्या. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग नळी ओढत नेली, होडीत सोडली, आणि पाणी त्या फळ्यांपर्यंत चढेस्तोवर तिथेच उभी राहिले.