रीळ आणि खोबरेल

मला माशांची किळस येते. वास, खवले, ते न मिटणारे डोळे, सगळ्याचीच. नवऱ्याला हे लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तरी नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला आल्यावर त्याला गळ टाकायचा नाद लागला आणि मग सॅल्मनचा ध्यास. इकडच्या नद्यांत सॅल्मन धरायला बंदी, म्हणून बऱ्याच खटपटीने त्याने नॉर्वेतल्या एका नदीचा एका दिवसाचा परवाना मिळवला.

गळाच्या काठीचं, दोर गुंडाळायचं रीळ निवडायला मलाही ओढत नेलं. दुकानदार म्हणाला, चकाकी बघू नका, ब्रेक बघा. सॅल्मन पळत सुटला की दोर न अडखळता सुटला पाहिजे. नवरा एकेक रीळ कानाशी धरून फिरवत होता, मंडईत नारळ हलवून बघतात तसा. एक पसंत पडलं. दुकानदाराने सोबत तेलाची छोटी बाटली पुढे केली, तर हा मला म्हणतो, "तेल आहे की घरी."

सरावाला तो कालव्यावर जायचा आणि परतल्यावर ते रीळ माझ्या ओट्यावर ठेवायचा. त्यावर शेवाळ आणि माशांचा बुळबुळीत चिकटा. धुवायचं, ब्रशने घासायचं, तरी वास जायचा नाही. एकदा बघते तर माझ्या फोडणीच्या पळीतून रिळाच्या दातेरी चाकांत खोबरेल सोडत होता.

"बिजागरीला चालतं, मग ह्याला का नाही चालणार?"

पळी मी कचऱ्यात टाकली. तो आठवडा उकाड्याचा होता, तेल पातळ होतं, हँडल गरगर फिरत होतं. त्यामुळे महाशय खूश.

नॉर्वेत पहाटे नदीवर उभे राहिलो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. हँडल हलेना. मला लगेच कळलं. पुण्यात थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसंच आत थिजलं होतं. तिकडे आपण बाटली उन्हात ठेवतो. इथे उन्हाचा पत्ता नव्हता आणि समोर मासे उसळत होते. तो खडकावर मटकन बसला. "गेला दिवस," एवढंच म्हणाला.

त्याचं ते तोंड बघून मला भयंकर राग आला. "काढ ते. दे इकडे."

मी स्वेटर वर करून रीळ उघड्या पोटाशी धरलं. बर्फासारखं गार. थोड्या वेळाने खवट खोबरेल आणि माशांचा चिकटा पोटावरून ओघळू लागला. मी मान वळवून तोंडाने श्वास घेऊ लागले.

"अगं, राहू दे. तुला किळस येते ना?"

"येतेच आहे. तू बोलू नकोस."

हँडल फिरलं. सॅल्मन काही लागला नाही. रीळ मात्र दिवसभर पुन्हापुन्हा थिजत राहिलं. दर वेळी तो ते काढून पुढे करायचा आणि मी शी म्हणत स्वेटर वर करायचे.