दूध-आंब्याचा आळ

आंब्यावर दूध म्हणजे विष, हे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या पुरुस नदीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. तरी व्हाल्मीर आंबा खाऊन दुधासाठी रडला आणि जोविनाने, त्याच्या आईने, ते दिलं. पुढे काळ्या उलट्या होऊन पोरगा गेला. तेव्हापासून सासू तिच्या हातचं पाणीही घेत नसे. जोविना मान खाली घालून कसाव्याचे कंद किसत राहिली.

पोरगा गेला तेव्हा त्याच्या यकृताचा तुकडा तपासायला नेणारी डॉक्टरीण कितीतरी वर्षांनी होडीतून आली. हातात तिचा छापलेला शोधनिबंध होता.

"यकृताचा रोग होता, जोविनाताई. या काठावरची बरीच मुलं त्यानेच गेली."

"यात माझ्या पोराचं नाव कुठंय?"

"नावं छापत नाहीत."

सासू दारातून कडाडली, "छापायला काय जातंय! पोटात दूध-आंबा नव्हता का?"

"होता, आजी. पण यकृत आधीच सडलं होतं. दूध दिलं नसतं, तरी तो गेलाच असता."

जोविना पायरीवर बसली. इतकी वर्षं ती स्वतःला दोष देत रडली होती. आज ती नुसती व्हाल्मीरसाठी रडली, मोठ्याने, आणि सासू भिंतीला धरत येऊन तिच्याशेजारी टेकली.